शुक्रवारची थकबाकी

पत्राचा गोषवारा: ठाण्याच्या पाचपाखाडीत राहणाऱ्या आणि वाशीला बँकेत नोकरी करणाऱ्या सदतीस वर्षांच्या एका वाचक मैत्रिणीने लिहिलं आहे. कॉलेजात असताना ‘नवीन काय ऐकू?’ असं सगळे तिला विचारायचे. आता दर शुक्रवारी सकाळी वाशीच्या गाडीत बसलं की ती नवीन आलेल्या अल्बमची यादी उघडते, पाच-सहा सेव्ह करते, एकेका गाण्याची सुरुवात ऐकते आणि पुढे जाते. सेव्ह केलेल्यांचा आकडा ३१२ वर गेला आहे. ती त्याला ‘थकबाकी’ म्हणते. जानेवारी २०२५ मध्ये नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्लेच्या कार्यक्रमाला गेली, तेव्हा शेजारच्या मुलींना नव्या अल्बममधली गाणी तोंडपाठ होती, हिला फक्त जुनी. बारावीतला भाचा म्हणतो, ‘मावशी, तू अजून हेच ऐकतेस?’ वेळ फुकट जाऊ नये म्हणून ती आधी रिव्ह्यू वाचते. पण गेल्या महिन्यात एक अल्बम तिला मनापासून आवडला, तिने मैत्रिणींच्या ग्रुपवर त्याबद्दल भरभरून लिहिलं, आणि तासाभराने एका परदेशी संकेतस्थळाने त्याला दहापैकी ५.२ गुण दिलेले दिसले. तिने मेसेज डिलीट केला. नऊ गुणांचा दुसरा एक अल्बम तिला कोरडाच वाटला. ‘माझा कान बोथट झालाय, की मी मागे पडलेय? कोणाच्या रिव्ह्यूवर विश्वास ठेवू?’ असं ती विचारते.

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एका वाक्यापाशी अडखळले. ‘गेल्या वर्षभरात मी एकही अल्बम तिसऱ्यांदा ऐकलेला नाही,’ असं तुम्ही जाता जाता लिहून गेला आहात. ३१२ च्या आकड्याखाली तुम्ही रेघ मारली आहे. मला मात्र हे वाक्य जास्त लागलं. त्याच्याकडे येतेच, पण आधी थकबाकीचं बघू.

तुम्ही बँकेत आहात, शब्द सहज आला असेल. पण थकबाकी म्हटली की कुणाचं तरी देणं आलं. हे देणं तुम्ही कुणाचं लागता? कलाकाराला तुम्ही काही कबूल केलेलं नाही, ॲपला तर नाहीच. आणि फेडायचं म्हटलं तरी फिटणारं नाही. संगीताच्या विक्रीची आकडेवारी ठेवणाऱ्या ल्युमिनेट या अमेरिकी कंपनीच्या नोंदीप्रमाणे २०२३ मध्ये स्ट्रीमिंगवर दररोज सरासरी एक लाखाहून जास्त नवीन ट्रॅक चढत होते. एक ट्रॅक तीन मिनिटांचा धरला तरी एका दिवसाचा माल ऐकायला पाच हजार तास लागतील, म्हणजे न झोपता जवळजवळ सात महिने. कॉलेजात तुम्ही ‘सगळं नवीन’ ऐकत होतात असं तुम्हाला वाटतं. खरं तर तेव्हा तुमच्यापर्यंत जेवढं पोचत होतं तेवढं तुम्ही ऐकत होतात, आणि ते मोजकं होतं. तेव्हापासून आजपर्यंत तुमचा कान आहे तिथेच आहे. दाराशी येणारा ढीग वाढला.

शुक्रवारचंही तसंच. जगभर नवीन संगीत शुक्रवारी आणायचं ठरलं ते १० जुलै २०१५ पासून. त्याआधी अमेरिकेत मंगळवार होता, ब्रिटनमध्ये सोमवार. सगळीकडे एकाच दिवशी आलं की चोरट्या प्रतींना आळा बसेल आणि विक्रीचा जोरही एका दिवसावर आणता येईल, असा रेकॉर्ड कंपन्यांचा हिशेब होता. तो त्यांच्या धंद्याच्या जागी बरोबर आहे. तुमची सकाळ त्या हिशेबाने का चालावी?

आपल्याकडेही एक शुक्रवार होऊन गेला, तो तुम्हाला सांगावासा वाटतो. १ एप्रिल १९५५. पुणे आकाशवाणीवर ‘गीत रामायण’ सुरू झालं तो दिवस शुक्रवारचा होता. गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांची चाल, आणि आठवड्याला एक नवीन गाणं. शुक्रवारी सकाळी जे लागलं तेच शनिवारी, तेच रविवारी. अशी छप्पन्न गाणी व्हायला वर्षापेक्षा जास्त काळ लागला. माझी आई तेव्हा शाळेत होती. ती सांगायची, शुक्रवारी गाणं नुसतं कानावर पडायचं, शनिवारी शब्द कळायचे आणि रविवारी ते आपलं व्हायचं. आज शुक्रवारी येणारं संगीत त्याहून हलकं आहे असं मी मुळीच म्हणणार नाही, मी स्वतः आवडीने नवीन ऐकते. पण त्या गाण्यांना शनिवार-रविवार मिळाले. तुमच्या ३१२ अल्बमना ते कधी मिळालेच नाहीत.

स्टेडियमवरच्या त्या संध्याकाळीही मला हेच दिसतं. जुनी गाणी तुम्हाला तोंडपाठ होती, कारण ती तुम्ही कधीकाळी शंभरदा ऐकली होतीत. शेजारच्या मुलींनी नवा अल्बम ऑक्टोबरपासून तसाच घोळवला असणार. त्या तुमच्या पुढे आहेत असं त्यावरून ठरत नाही. तुम्ही कॉलेजात जे करत होतात, तेच त्या आता करतायत.

आता रिव्ह्यूचं. इथे मला माझीच एक गोष्ट सांगितली पाहिजे, आणि ती सांगताना अजून बरं वाटत नाही. नव्वदच्या दशकात मी एका साप्ताहिकाच्या पुरवणीत नव्या कॅसेटची परीक्षणं लिहायचे. एका मंगळवारी संध्याकाळी एका नव्या मराठी संगीतकाराची कॅसेट हातात आली, मजकूर बुधवारी दुपारपर्यंत हवा होता. मी ती दोनदा ऐकली, एकदा स्वयंपाक करताना आणि एकदा लिहिता लिहिता. लिहिलं, ‘चाली एकसुरी आहेत.’ छापून आलं. चार महिन्यांनी चरईतल्या मैत्रिणीच्या घराचा जिना चढत होते, पहिल्या मजल्यावरच्या बंद दारामागे त्याच कॅसेटच्या दुसऱ्या बाजूचं एक गाणं लागलं होतं. मी कठड्याला धरून उभी राहिले. अंतरा दर वेळी एका सुराने खाली उतरत होता, शब्दांतला थकवा चालीत उतरला होता. ज्याला मी एकसुरी म्हटलं होतं, ते त्या माणसाने जाणून बुजून केलेलं होतं, आणि ते कळायला मला स्वयंपाकघराबाहेर यावं लागलं. पुरवणीत दुरुस्ती छापायची पद्धत नव्हती. त्या संगीतकाराची दुसरी कॅसेट माझ्या पाहण्यात आली नाही.

तुमच्या ५.२ मागे असाच एखादा मंगळवार असू शकतो. रिव्ह्यू अल्बमच्या दिवशीच यावा लागतो, नाहीतर तो कुणी वाचत नाही. मग लिहिणाऱ्याला प्रत आधी मिळाली तर थोडे दिवस मिळतात. अल्बम अचानक आला तर एखादी रात्र. बहुतेक जण मनापासून लिहितात, हे मी खात्रीने सांगते. पण ते लिहितात ती पहिल्या ओळखीची नोंद असते, आणि गुण पाहिला की आपण तिला निकालपत्र समजतो.

गुण देणाऱ्यांनाही हे ठाऊक आहे. पिचफोर्क हे १९९६ मध्ये सुरू झालेलं अमेरिकी संकेतस्थळ ०.० पासून १०.० पर्यंत दशांशात गुण देतं. त्यांनी २०२१ मध्ये आपल्याच जुन्या १९ अल्बमचे गुण बदलून जाहीर केले. डाफ्ट पंकच्या २००१ सालच्या ‘डिस्कव्हरी’ला आधी ६.४ होते, वीस वर्षांनी १० झाले. लिझ फेअरच्या २००३ च्या अल्बमला शून्य दिलं होतं, ते ६ झालं. अल्बममधला एक सूरही बदललेला नव्हता. आता विचार करा, २००१ मध्ये कुणीतरी ‘डिस्कव्हरी’ आवडल्याचं लिहून मग ६.४ पाहून ते खोडलं असेल, तर त्या माणसाची काय चूक होती?

आणखी एक प्रयोग तुमच्या प्रश्नाला अगदी लागून आहे. कोलंबिया विद्यापीठातल्या मॅथ्यू सॅल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी तो २००६ मध्ये प्रसिद्ध केला. फारशा कुणाला माहीत नसलेल्या बँडची ४८ गाणी त्यांनी चौदा हजारांहून जास्त लोकांपुढे ठेवली. काही जणांना नुसती गाणी दिली. बाकीच्यांचे आठ गट केले, आणि आपल्या गटातल्या किती जणांनी कुठलं गाणं डाउनलोड केलं ते त्यांना दाखवलं. जिथे आकडे दिसत नव्हते तिथे एक गाणं सव्विसावं आलं. तेच गाणं आकडे दिसणाऱ्या एका गटात पहिलं आलं आणि दुसऱ्या एका गटात चाळिसावं. फार चांगली गाणी अगदीच तळाला सहसा गेली नाहीत आणि फार वाईट वर आली नाहीत, पण मधल्यांचं काय होईल याचा भरवसा राहिला नाही. आपण ऐकतो त्यातलं बरंचसं ‘मधलं’च असतं. आकडा आधी दिसला की आपण गाण्याबरोबर आकडाही ऐकतो.

म्हणून रिव्ह्यू सोडा असं मी सांगणार आहे का? नाही. चांगल्या रिव्ह्यूने मला अशा अनेक गोष्टी ऐकायला शिकवलं ज्या माझ्या एकटीच्या कानाला सापडल्या नसत्या. फक्त क्रम उलटा करा. आधी ऐका, मग वाचा. आणि ‘कोणावर विश्वास ठेवू’ याचं उत्तर मी माझ्या मामाच्या दुकानातून देते.

मामाचं ठाणे स्टेशनजवळ कॅसेटचं छोटं दुकान होतं. कॉलेज सुटलं की मी काउंटरवर बसायचे. कुणी येऊन ‘नवीन काय आलंय?’ विचारलं की मामा फळीकडे हात करायचा नाही. विचारायचा, ‘मागच्या वेळी काय नेलंत? किती वेळा ऐकलंत?’ उत्तर ऐकून मग एखादी कॅसेट काढायचा आणि तिची ए बाजू कधीच लावायचा नाही. बी बाजू घालून, बोटाने बटण दाबून ठेवून, अंदाजाने दुसऱ्या गाण्यावर आणायचा. म्हणायचा, पहिलं गाणं कंपनी गिऱ्हाईक धरायला ठेवते, माणूस दुसऱ्या बाजूला कळतो. त्याचे अंदाज चुकायचेही. पण माणसं परत यायची, कारण त्याला त्यांचा कान माहीत होता आणि त्यांना त्याचा.

समीक्षकाला तुमचा कान माहीत असणं शक्य नाही. तुम्ही मात्र त्याचा कान ओळखू शकता, आणि त्याला फार वेळ लागत नाही. तुम्हाला आत-बाहेर पाठ असलेले तीन अल्बम घ्या: एक जिवापाड आवडता, एक ज्याबद्दल मत हळूहळू बदललं असा, आणि एक ज्याचं लोक कौतुक करतात पण तुम्हाला पटला नाही असा. ज्याच्यावर विश्वास ठेवायचा विचार आहे त्याचे या तिन्हींवरचे जुने रिव्ह्यू शोधून वाचा. तुमच्याशी मत जुळतं का, हे बघू नका. तुम्हाला जे ऐकू येतं ते त्यालाही ऐकू आलंय का, एवढंच बघा. ‘दुसऱ्या कडव्यात ढोलकी थांबते आणि आवाज एकटा पडतो’ असं लिहिणारा माणूस ऐकतोय. ते त्याला रुचलं नसेल आणि तुम्हाला रुचेल, तरी त्याच्या वाक्यावरून तुम्हाला अल्बम कसा आहे हे कळतं. कलाकाराचं लग्न, वाद, ‘परिपक्व प्रवास’, ‘आजच्या पिढीचा आवाज’ यांतच परिच्छेद संपत असतील तर नऊ गुण असले तरी बाजूला ठेवा. असे दोन-तीन कान सापडले की पुरेत. माझा एक समीक्षक आहे, त्याचं-माझं दहापैकी आठ वेळा जमत नाही. पण त्याने ‘फार लांबण लावली आहे’ असं लिहिलं की मी तो अल्बम रविवारसाठी राखून ठेवते.

पैशाची बाब थोडक्यात. इन्स्टाग्राम किंवा यूट्यूबवर कुणी अल्बमची शिफारस करत असेल तर ‘सशुल्क भागीदारी’सारखी खूण शोधा. जाहिरात असेल तर तसं स्पष्ट सांगावं, अशी ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलची मार्गदर्शक तत्त्वं २०२१ पासून आहेत. सगळे पाळतातच असं नाही. आणि ॲप जे आपण होऊन पुढे वाजवतं त्यालाही निरपेक्ष मित्र समजू नका. स्पॉटिफायच्या ‘डिस्कव्हरी मोड’मध्ये कलाकार किंवा त्याची कंपनी कमी मानधन मान्य करते आणि त्या बदल्यात गाणं जास्त लोकांपुढे येतं. शिवाय तुम्ही गाणं तीस सेकंद ऐकलंत की ते ऐकलं म्हणून तिथे मोजलं जातं. तुमचे ते सुरुवाती ऐकून पुढे जाण्याचे शुक्रवार ॲपच्या वहीत भरगच्च श्रवण म्हणून जमा आहेत.

आणि एक गोष्ट, जी मला फार टोचते. नवीन मराठी संगीताला असे गुण देणारं जवळजवळ कुणी नाही. आपल्याकडे बहुतेक गाणी एकेकटीच येतात, त्यांच्याबद्दल बातमी येते, मुलाखत येते, किती लाख लोकांनी पाहिलं ते येतं. गाण्यात काय आहे हे क्वचित कुणी लिहितं. म्हणजे रिव्ह्यूची गाळणी लावून ऐकायचं ठरवलंत तर तुमच्याच भाषेतलं नवं काम त्या गाळणीपर्यंत पोचतच नाही, आणि ते वाईट म्हणून गळलं असा समज मात्र होतो. ही वाट दुसरीकडून शोधायला हवी. एखादं गाणं आवडलं की ॲपमध्ये त्याची श्रेयनामावली उघडा. वाद्यमेळ कोणी बसवला, बासरी कोणाची, ध्वनिमुद्रण कोणी केलं ते बघा आणि त्या माणसाचं पुढचं काम ऐका. सारंगीवाल्याच्या मागे जाऊन मी जितके नवे गायक ऐकले तितके कुठल्याही यादीतून ऐकले नाहीत. आणि प्रत्यक्ष ऐका. आपल्या ठाण्यात राम मराठे महोत्सव होतो, गडकरी रंगायतन आणि घाणेकर नाट्यगृह आहे, तुमच्या वाशीला भावे नाट्यगृह आहे. समोर बसलेल्या माणसाला तीस सेकंदांनी पुढे ढकलता येत नाही.

आता तुमची गाडी. ठाण्याहून वाशी साधारण अर्धा तास. एलपी रेकॉर्डची एक बाजू साधारण बावीस मिनिटांची असायची. म्हणजे नऊ किंवा दहा नंबरच्या फलाटावरून गाडी सुटली की बसायला जागा मिळून पिशवी मांडीवर ठेवेपर्यंत ऐरोली, आणि मग एक बाजू आरामात होते. जाताना अल्बमचा पहिला अर्धा भाग, येताना दुसरा. सोमवार ते बुधवार एकच अल्बम. तिसऱ्या दिवशी नाही भिडला तर मन खट्टू न करता सोडा, त्याच्यावर तीन दिवस दिलेत हे पुष्कळ झालं. गुरुवार जुन्यासाठी ठेवा, आणि शुक्रवारी यादी उघडाच, त्यातली मजा मला कळते, फक्त दोनच निवडा: एक ओळखीच्या कलाकाराचा, एक नावही न ऐकलेला. वर्षाकाठी असे चाळीसेक अल्बम खरोखर ऐकून होतील. कॉलेजात तरी याहून जास्त होत होते का, आठवून बघा.

३१२ ची यादी? त्यातून नावं वाचून ज्यांची सुरुवातसुद्धा आठवते असे दहा काढून घ्या आणि बाकी पुसून टाका. तुम्ही म्हणाल, त्यात एखादं रत्न असेल. असेलच. चांगलं असेल तर ते कुणाच्या तरी बोलण्यातून पुन्हा तुमच्याकडे येईल, आणि नाही आलं तर त्याची रुखरुख तुम्हाला लागणारही नाही. तुमच्यासारख्याच पत्रांत मला हीच यादी पुस्तकांची, मालिकांची, भिशीतल्या पाककृतींच्या व्हिडिओंची म्हणून येते. पुसल्यावर पहिले दोन दिवस चुकल्यासारखं होतं, एवढं खरं.

भाच्याचं वाक्य तुम्ही टोमणा म्हणून घेतलंत. मला त्यात आमंत्रण दिसतं. बारावीतला मुलगा मावशी काय ऐकते याकडे लक्ष देतोय, हे काही कमी नाही. एका रविवारी त्याला घरी बोलवा. एक गाणं त्याने लावायचं, एक तुम्ही, फोन उलटे ठेवून. त्याचं गाणं संपल्यावर आवडलं-नावडलं सांगू नका, ‘पुन्हा लाव’ म्हणा. आणि दुसऱ्यांदा ऐकताना तो तुम्हाला कुठे ‘आता बघ’ म्हणतो, तिकडे कान ठेवा. माझ्या मते तुम्हाला हवा असलेला समीक्षक तुमच्या घरच्या माणसांतच आधीपासून आहे.

आणि तो अल्बम, ज्याला ५.२ मिळाले. पुढच्या सोमवारची गाडी त्याला द्या. तुम्ही पत्रात त्याचं नाव लिहिलं नाहीत, फक्त तिसऱ्या गाण्याचा ओझरता उल्लेख केलात आणि वाक्य अर्धं सोडलंत. डिलीट केलेल्या मेसेजमध्ये त्या गाण्याबद्दल काय लिहिलं होतं, ते बुधवारी आठवून मला लिहून पाठवा. जमलं तर त्याआधी ग्रुपवर.